दोन चिठ्ठ्यांची बरणी

“पण ही तर वनस्पती आहे,” अध्यक्ष म्हणाले.

विद्यापीठाच्या समितीचे तीन सदस्य, आमचे प्राचार्य, विभागप्रमुख हुपरीकर सर आणि सगळ्यांच्या मागे फुलांचं तबक धरून मी, असा लवाजमा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी थांबला होता. खिडकीलगतच्या टेबलावर एक मोठी काचेची बरणी होती. एके काळी तिच्यात कोणाच्या तरी घरचं लोणचं असावं. आता हिरवट पाणी होतं. बरणीवर सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती आणि अध्यक्ष चष्मा कपाळावर चढवून, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती वाचत होते.

“युग्लिना. एकपेशीय शैवाल. वनस्पतिशास्त्र विभाग.” त्यांनी मान वर केली. “हुपरीकर, आपण चुकून शेजारच्या खोलीत तर शिरलो नाही ना?”

उरलेले दोन्ही सदस्य हसले. प्राचार्यांनी आधी अध्यक्षांकडे, मग हुपरीकरांकडे पाहिलं आणि अर्धं हसून घेतलं. हुपरीकर सरांची मान टायमध्ये फुगली. काचेच्या कपाटाशी दौलूमामा उभा होता, आमचा प्रयोगशाळेचा परिचर. त्याने बरणीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा बरणीकडे. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी त्या तालुक्याच्या कॉलेजात तीन वर्षं तात्पुरती नोकरी करत होते. दर एप्रिलला सेवा समाप्त, दर जूनला नवी नेमणूक. त्या वर्षी एक जागा कायम होणार होती आणि ती मला मिळणार की नाही, हे हुपरीकर सरांच्या एका शेऱ्यावर होतं. दौलूमामाचंही त्यांच्याच सहीवर अडलं होतं. एकोणीस वर्षं परिचर म्हणून काढल्यावर त्याला प्रयोगशाळा सहायक करायचा प्रस्ताव तयार होता. समिती येऊन गेली, एम.एस्सी.चा वर्ग काढायला परवानगी मिळाली, की दोन्ही कागदांवर सही होणार होती. सरांनी तसं आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. उपकार करण्याआधी ते जाहीर करायची त्यांना सवय होती.

हुपरीकर सरांची विद्वत्ता काय होती ते सांगते. त्यांनी एकपेशीय प्राण्यांवर एक मार्गदर्शिका लिहिली होती. लिहिली म्हणजे, बाजारातल्या तीन मार्गदर्शिका समोर ठेवून चौथी केली होती. तीनही पुस्तकांतल्या चुका त्यांनी इमानाने जपल्या होत्या. दर वर्षी ते फळ्यावर अमीबाची आकृती काढत आणि ती दर वर्षी हुबेहूब तीच असे, डावीकडे तीन बोटं, उजवीकडे दोन. अमीबाला ठरावीक आकार नसतो, ही त्या धड्याची पहिली ओळ होती. मायक्रोस्कोपला डोळा लावताना मी त्यांना तीन वर्षांत एकदाच पाहिलं, तेही कॉलेजच्या वार्षिकांकातल्या फोटोसाठी. त्या फोटोत भिंगाखाली काच ठेवायची राहून गेली होती. मुलांच्या ते लक्षात आलं, सरांच्या नाही.

शेजारच्या वनस्पतिशास्त्राचे शेटे सर त्यांच्याहून शहाणे होते असं समजू नका. ते फक्त आवाजाने लहान होते. या दोघांत अकरा वर्षं बोलाचाली नव्हती आणि कारण होतं ही बरणी. बरणी म्हणजे तिच्यातली युग्लिना. हिच्या अंगात एकच पेशी, पण ती हिरवी, झाडासारखं उन्हात आपलं अन्न करणारी. म्हणून ती वनस्पती, असं शेटे सरांचं म्हणणं. हिला एक शेपटीसारखा केस असतो, तो हलवत ती पोहत जाते, उजेड कुठे आहे ते ओळखायला तिच्यावर लाल ठिपका असतो. म्हणून ती प्राणी, असं हुपरीकरांचं. दोन्ही अभ्यासक्रमांत ती होती. दोन्ही पेपरांत तिच्यावर सहा गुणांचा प्रश्न येत असे. प्राणिशास्त्राच्या पेपरात कोणी तिला शैवाल लिहिलं, की हुपरीकर त्या उत्तराला शून्य देत. तोच मुलगा दुपारच्या पेपरात तिला प्राणी म्हणाला, की शेटे शून्य देत. सकाळी जनावर, दुपारी झाड, असं पाठ करून आमची मुलं पदवीधर झाली आणि आज त्यांतली काही स्वतः प्राध्यापक आहेत, हे ऐकून तुम्हाला नवल वाटायचं कारण नाही.

तर या दोन विद्वानांची मिळून युग्लिना एकच होती, कारण ती जगवता येणारा माणूस एकच होता. दौलू लोहार. दोन्ही विभागांना मिळून तो एकटा परिचर. बाजारामागच्या तळ्यात म्हशी बसायच्या त्या कडेचं पाणी तो आणायचा, फडक्यातून गाळायचा, काय काय उकळून त्यात घालायचा आणि बरणी बाराही महिने हिरवी ठेवायचा. सोमवार ते बुधवार ती आमच्याकडे असे, गुरुवार ते शनिवार शेजारी. हुपरीकरांना वाटे, आपली बरणी शेटे उसनी नेतात. शेट्यांना वाटे, आपली हुपरीकर नेतात. बरणीला दोन बाजूंना दोन चिठ्ठ्या होत्या. एका बाजूला ‘युग्लिना, एकपेशीय प्राणी, प्राणिशास्त्र विभाग’, दुसऱ्या बाजूला ती शैवालाची. आमच्या खोलीत शैवालाची बाजू खिडकीकडे, म्हणजे कोणाला न दिसेल अशी. शेजारी नेली की उलटी. अकरा वर्षांत दोघांपैकी एकानेही बरणीच्या मागच्या बाजूला काय आहे ते पाहिलं नव्हतं. आणि हे लोक मुलांना निरीक्षण शिकवत होते.

दौलूमामा स्वभावाने गरीब होता असं म्हणायची माझी इच्छा नाही. तो खडूस होता. सातवी पास होता आणि एम.एस्सी. झालेल्यांचा त्याला मनापासून तिटकारा होता. हुपरीकरांना तो आमच्यात ‘जनावरवाले’ म्हणायचा, शेट्यांना ‘झाडवाले’. बरणीला हात लावणाऱ्या मुलांच्या पाठीत धपाटा बसायचा. पॅरामेशियमला तो चप्पल म्हणे, व्हॉर्टिसेलाला घंटी, अमीबाला आळशी. त्याची ही नावं एवढी पक्की होती की एकदा तोंडी परीक्षेला एका मुलीने बाहेरून आलेल्या परीक्षकांना “सर, ही चप्पल आहे,” असं सांगितलं आणि बिचारे आपल्या पायांकडे पाहू लागले.

मी नवी होते तेव्हा त्याने मलाही महिनाभर बरणीला हात लावू दिला नव्हता. मग एकदा म्हणाला, “या. शिकून घ्या. पुस्तकात न्हाई ते.”

“पुस्तकात काय नाही, मामा?”

“ह्या बरणीत हिरवं कुठं हाय ते सांगा.”

मी पाहिलं. पाणी सगळीकडे फिकट होतं, पण खिडकीकडच्या काचेला आतून हिरवा पट्टा धरला होता.

“खिडकीकडे.”

“का?”

“प्रकाशाकडे जातात. प्रकाशानुचलन.”

“शबूद ऱ्हावू द्या,” तो म्हणाला. “उजेड दिसला की सरकत्यात. मंग तुमी थेंब कुठला घेणार? हितनं घ्याल तर नुसतं पाणी मिळंल. पोरं भिंगात बगून म्हंतील, मॅडम, काय बी न्हाई.”

पलीकडच्या काचेजवळ नळी नेली तर तिचं टोक दिसत नव्हतं. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा नुसतं पाणी आलं. त्याला माझी फजिती पाहून बराच आनंद झाला.

“बरणी फिरवायची,” तो शेवटी म्हणाला. “हिरवं आपल्याकडं घ्यायचं. थेंब वढायचा. आन् परत फिरवायची, जशी व्हती तशी. हे इसरायचं न्हाई. इसरलात तर आपल्याकडं झाडवाल्यांची चिठ्ठी यील आन् जनावरवाले माझा जीव घेतील. कळालं?”

“आणि समजा नाही फिरवली, तर युग्लिनाचं काय होतं?”

“त्यास्नी काय हुतंय? पाव तास बावरत्यात. मंग एक एक करत निघत्यात, तासाभरात सगळी परत खिडकीला.” त्याने काचेवर टिचकी मारली. “कोण म्हंतंय झाड, कोण म्हंतंय जनावर. मला इचाराल तर ह्ये दोन्हीबी न्हाई. ह्यो तिसराच कोणतरी हाय.”

मी हसले. मी सुवर्णपदकाची मुलगी होते. प्राणी आणि वनस्पती या दोन खोल्यांबाहेर सजीवांना जागा असू शकते, असं बाहेरच्या जगात केव्हाच बोललं जात होतं, पण आमच्या अभ्यासक्रमात ते आलेलं नव्हतं आणि अभ्यासक्रमात नसलेलं मी वाचत नसे. दौलूमामा ते वाचून बोलत नव्हता. तो एकोणीस वर्षं बरणीत पाहत होता, एवढंच.

समितीच्या दिवसाकडे येते. सकाळी नऊपासून आमची धावपळ होती. अध्यक्षांना जिवंत युग्लिना भिंगाखाली दाखवायची, असा हुपरीकरांचा बेत होता, कारण शेट्यांच्या खोलीत ती त्या दिवशी नव्हती आणि हे अध्यक्षांच्या कानावर त्यांना सहजच घालायचं होतं. दहा वाजता दौलूमामाने बरणी पुसून टेबलावर ठेवली, प्राण्याची चिठ्ठी दाराकडे, शैवालाची खिडकीकडे. मग त्याला कोणी तरी फाटकाशी खुर्च्या लावायला पिटाळलं. प्रयोगशाळेत मी एकटी होते. मी काचेवर थेंब घेतला, मायक्रोस्कोपखाली लावला आणि पाहिलं. सुंदर दिसत होतं, चातीसारख्या निमुळत्या हिरव्या युग्लिना सरसर इकडून तिकडे जात होत्या. तेवढ्यात हुपरीकर दारात आले.

“मिस दातीर! इथे काय करताय? फाटकावर या. गाडी आली. ओवाळायला बाईमाणूस नको का?”

सुवर्णपदक ओवाळायच्या कामी आलं. मी पदर सावरत धावले. गाडीतून तीन माणसं उतरली, त्यांना मी कुंकू लावलं, गुलाबाची फुलं दिली. त्यांनी प्राचार्यांच्या खोलीत चहा न पिता आधी प्रयोगशाळा पाहायची असं ठरवलं आणि दहा-बारा मिनिटांत आम्ही सगळे त्या खिडकीपाशी होतो. पुढचं सांगितलंच आहे.

अध्यक्षांनी मायक्रोस्कोपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना विनोद सापडला होता आणि जेवताना, पानसुपारीच्या वेळी, गाडीत बसताना त्यांनी तो पुरवून पुरवून वापरला. पंधरा दिवसांनी अहवाल आला. त्यात इतर दहा कारणं होती. इमारत अपुरी, पुस्तकं जुनी, पात्र शिक्षक नाहीत. सगळी खरी होती. पण अकरावी ओळ होती, ‘प्रयोगशाळेत प्राणी व वनस्पती यांची सरमिसळ आढळली’ आणि हुपरीकरांना फक्त तीच दिसली. एम.एस्सी. बुडाली ती बरणीमुळे, हे त्यांनी ठरवून टाकलं. पात्र शिक्षक नाहीत या ओळीकडे पाहायची त्यांची तयारी नव्हती, हे मी समजू शकते.

प्राचार्यांच्या खोलीत चौकशी भरली. लांब सोफ्यावर हुपरीकर आणि शेटे शेजारी शेजारी बसले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा. आपल्या बरणीवर दुसऱ्याची चिठ्ठी आहे, हा शोध दोघांनाही त्या पंधरवड्यात लागला होता आणि त्या एका अपमानाने त्यांची एकी झाली होती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. दौलूमामा उभा.

“दोन चिठ्ठ्या कोणी लावल्या?” प्राचार्यांनी विचारलं.

“म्या लावल्या.”

“का?”

“बरणी येक, सायेब दोन.”

शेटे सर कडाडले, “उद्धटपणा बघा! शैवालाला हा प्राणी म्हणून खपवतो!”

“प्राण्याला शैवाल म्हणून,” हुपरीकर म्हणाले.

“तेच ते,” शेटे म्हणाले. अकरा वर्षांचं भांडण तेवढ्या दोन शब्दांत मिटलं. मिटायला एक गडी माणूस समोर उभा करावा लागला, एवढंच.

प्राचार्यांनी हात वर केला. “चिठ्ठ्यांचं राहू द्या. समिती आली तेव्हा बरणी उलटी का होती? दौलू, तू मुद्दाम ठेवलीस?”

“न्हाई. म्या सरळ ठेवली व्हती.”

“मग आपोआप फिरली?”

“कोणीतरी फिरवली.”

“कोणी?”

दौलूमामा सावकाश बोलला, मुलांना भिंगाखालची काच दाखवताना बोलायचा तसा.

“सायेब, म्या बरणी धा वाजता ठेवली. तवा हिरवं खिडकीच्या अंगाला व्हतं. समिती आली तवा म्या बगितलं, हिरवा पट्टा दाराच्या अंगाला, तसाच्या तसा, जरा बी इसकटलेला न्हाई. ही जात उजेडाकडं जाती. तासाभरात परत खिडकीला गेली असती. गेली न्हवती. म्हंजे बरणी फिरवून पाव तासबी झाला न्हवता. त्या पाव तासात म्या फाटकावर खुर्च्या लावत व्हतो, ह्ये तुमी समद्यांनी बगितलंय.”

हुपरीकर हसले. पोट धरून हसले.

“आता युग्लिना साक्ष देणार वाटतं!”

“शैवालाची साक्ष,” शेटे म्हणाले आणि दोघं एकमेकांकडे पाहून पुन्हा हसले. प्राचार्य इतिहासाचे होते, तेही हसले.

मी त्या दोघांकडे पाहत राहिले. युग्लिनेचं प्रकाशाकडे जाणं या विषयावर हुपरीकर वीस वर्षं टिपणं देत आले होते. शेटे सतरा वर्षं. सहा गुणांचा तो प्रश्न होता, आकृतीसह. आणि समोर एक माणूस त्याच प्रश्नाचं जिवंत उत्तर देत होता, वेळेसकट, दिशेसकट, आणि दोघांना ते कळलं नाही. कळून लपवलं असतं तर मी त्यांना लबाड म्हटलं असतं. लबाडीला निदान अक्कल लागते. त्यांना खरोखरच काही समजलं नाही. ‘शिकलेली माणसं’ हा शब्द माझ्या मनातून त्या दुपारी उतरला, तो कायमचा.

त्या खोलीत ते ज्याला समजलं असं दौलूमामा सोडून एकच माणूस होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर.

“मिस दातीर,” प्राचार्य माझ्याकडे वळले. “सकाळी तुम्ही प्रयोगशाळेत होता ना? बरणीला हात लावताना कोणाला पाहिलंत का?”

हुपरीकर सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर कागदांची फाइल होती. माझा गोपनीय अहवाल तिच्यातच असणार, असं मला वाटलं. दौलूमामा खिडकीबाहेर पाहत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी खरं बोलले असते, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटंच आहे.

“नाही सर,” मी म्हणाले. “कोणालाच नाही.”

शब्दशः धरलं तर यात खोटं काहीच नव्हतं. मी थेंब घेण्यासाठी बरणी फिरवली, हिरवं आपल्याकडे घेतलं, थेंब ओढला आणि परत फिरवायच्या आत हाक आली म्हणून पळाले. हे करताना मी स्वतःला पाहिलं नव्हतं. स्वतःचा हात कोण पाहतं? या कोटीवर मला पुढे कित्येक वर्षं शांत झोप लागली. हुपरीकरांना मी एवढा वेळ नावं ठेवतेय, पण अशी कोटी त्यांना सुचली नसती.

निकाल संध्याकाळच्या आत लागला. दौलू लोहार याची बढती रद्द, बदली जिमखान्याकडे. मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेघा मारायच्या आणि व्हॉलीबॉलचं जाळं बांधायचं. दुसऱ्या दिवशी तो प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्या ताब्यात द्यायला आला. किल्ल्या त्याने एक एक करून मोजल्यासारख्या टेबलावर ठेवल्या, कपाटाची, भिंगांची, मागच्या दाराची. मग बरणीपाशी गेला आणि दोन्ही चिठ्ठ्या नखाने सोलून काढल्या. मला बोलायचं होतं.

“मामा,” मी शेवटी म्हणाले, “तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?”

“म्या कशाला घ्यावं?” तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. “खोलीत दोन शाणी माणसं व्हती. येकानं सांगितलं, दुसऱ्याला समजलं. नाव घ्यायचं काम दुसऱ्याचं व्हतं.”

“माझी नोकरी गेली असती.”

“व्हय. गेली असती.”

तो एवढंच म्हणाला. त्याची बढती गेली हे तो म्हणाला नाही आणि मी तर नाहीच म्हणाले. त्याने बरणी उचलली, खिडकीपासून लांब, आतल्या कपाटाच्या सावलीत ठेवायला म्हणून नेली. मग काय मनात आलं कोण जाणे, परत आणून खिडकीपाशीच ठेवली.

“असू द्या उजेडात,” तो म्हणाला. “उजेड बगून सरकत्यात. त्यांचा दोष न्हाई, मॅडम. त्यास्नी कणा कुठं असतोय?”

आणि तो गेला. एवढं माझ्या तोंडावर आयुष्यात कोणी थुंकलं नाही. गंमत म्हणजे मी तेव्हा ते जीवशास्त्रीय विधान म्हणून घेण्याचा प्रयत्न केला. एकपेशीय सजीवांना कणा नसतो, बरोबरच आहे.

जूनमध्ये मी कायम झाले. हुपरीकरांचा शेरा होता, ‘निष्ठावान व सहकार्यशील’. बरणी दीड महिना टिकली. मी तळ्याचं पाणी घातलं, गवत उकळून घातलं, पुस्तकात पाहून रसायनं घातली. आधी पाणी पिवळं पडलं, मग करडं, मग वास यायला लागला. शेवटी आम्ही ती ओतून टाकली आणि दुकानातून तयार काचा मागवल्या. रंगवलेल्या, मेलेल्या, लेबलसकट. प्रत्येक विभागासाठी वेगळा संच. त्यानंतर दोन्ही विभागांत कधी वाद झाला नाही.

दौलूमामा पुढे चौदा वर्षं त्या मैदानावर रेघा मारत होता. मी दिसले की हातातली फक्कीची बादली खाली ठेवून “नमस्कार, मॅडम” म्हणायचा. न चुकता. पहिल्या वर्षी मी थांबून चौकशी करायचे. दुसऱ्या वर्षी नुसती मान हलवायचे. तिसऱ्या वर्षापासून मी मागच्या फाटकाने यायला लागले. तिकडून प्रयोगशाळा लांब पडायची, पण सकाळचं चालणं होतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. तो निवृत्त झाला तेव्हा मी परगावी परीक्षक म्हणून गेले होते. तो वारला ते मला दोन महिन्यांनी कळलं.

मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला. युग्लिना प्राण्यांतूनही निघाली आणि वनस्पतींतूनही. एकपेशीय मंडळींसाठी तिसरंच घर झालं, प्रोटिस्टा नावाचं. तोवर मी विभागप्रमुख होते. तो धडा मी तेवीस वर्षं शिकवला. पहिलंच वाक्य असायचं, “ही ना झाड, ना जनावर, ही तिसरीच कोणी तरी आहे.” मुलं ते लिहून घेत. हे वाक्य कुणाचं, असं कोणी विचारलं नाही आणि न विचारता सांगायची मला सवय नव्हती.

दोन हजार एकोणीसच्या मेमध्ये माझा निरोप समारंभ झाला. सभागृह भरलं होतं. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं रीतसर. संस्थेचे तरुण सचिव बोलायला उठले. त्यांना माझ्याविषयी काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, त्यामुळे ते छान बोलले. शेवटी त्यांनी आवाज चढवला.

“दातीर मॅडमचं आयुष्य एका वाक्यात सांगायचं, तर मॅडम नेहमी प्रकाशाच्या दिशेने चालत राहिल्या!”

मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी आवरेना. लोकांना वाटलं मॅडमना गहिवरून आलं. व्यासपीठावर कोणी तरी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला, समोरच्या रांगेतल्या दोन शिक्षिका डोळे पुसू लागल्या. मग माइक माझ्याकडे आला. मी लिहून आणलेलं भाषण पिशवीतच ठेवलं.

“पस्तीस वर्षांपूर्वी,” मी म्हणाले, “बरणी मी फिरवली होती.”

सभागृह माझ्याकडे पाहत राहिलं. कोणती बरणी, कोणासमोर, कोणाचं काय गेलं, हे ठाऊक असलेला एकही माणूस तिथे उरला नव्हता. पुढे काही तरी थोर येईल म्हणून ते वाट पाहत होते. पुढे काही नव्हतं, तेवढंच वाक्य होतं. मी माइक खाली ठेवला.

मग सचिवांनी टाळी वाजवली आणि त्यांच्या मागोमाग सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिलं.